नामाखालची लाल रेघ

चूक निघालीच तर ती विशेषणात निघेल, असं मी धरून चालले होते. आठवडाभर विशेषणांचाच घोशा लावला होता. त्राझिकु, देवास्तादोर, फुनेस्तु, कालामितोझु. वहीच्या डाव्या बाजूला पोर्तुगीज शब्द, उजवीकडे मराठी, आणि मधल्या जागेत प्रत्येकाची स्त्रीलिंगी आणि अनेकवचनी रूपं. संकटं आणि शोकांतिका यांचं वर्णन करणारी विशेषणं वापरून दहा वाक्यं लिहायची, एवढाच गृहपाठ होता. नऊ वाक्यं मी मनानेच रचली, कुठला तरी पूर, कुठलं तरी बुडालेलं जहाज. दहाव्याला मात्र खरी घटना घेतली, आणि तीही मुद्दाम मला शिकवणाऱ्या बाईंच्या राज्यातली, ब्राझीलच्या मिनास जेराइसमधली: ब्रुमादिन्योत खाणीचा बांध फुटला ती. ‘ब्रुमादिन्योच्या त्राझिकु आसिदेंचीने सारा देश हेलावून गेला.’ त्राझिकु म्हणजे शोकात्म, आसिदेंची म्हणजे अपघात. पोर्तुगीजमध्ये विशेषण बहुतेक वेळा नामाच्या मागून येतं. पण बोलणाऱ्याला आपली भावना पुढे करायची असेल तर ते उचलून नामाच्या आधी ठेवतात. मी त्राझिकु आधी ठेवलं होतं. त्या एका जागेचा मला फार अभिमान वाटत होता.

२०२१ साल होतं. वर्ग ऑनलाइन, त्यांची सकाळ आणि माझी संध्याकाळ. बाई बेलो ओरिझोंचीतल्या आपल्या स्वयंपाकघरातच लॅपटॉप मांडून शिकवायच्या, कारण मागे गॅसवर घेवडा शिजत असायचा. त्यांच्याकडच्या कुकरची थांबून थांबून शिट्टी होत नाही, वाफेची सलग सुरसुर ऐकू येत राहते. त्या सुरसुरीत त्या माझी वाक्यं एकेक करून मोठ्याने वाचत होत्या. पहिल्या नऊमध्ये दोनदा लाल रेघ आली, एकदा अनेकवचन चुकलं म्हणून आणि एकदा स्वरावरचं चिन्ह द्यायचं राहिलं म्हणून. दहाव्या वाक्यापाशी कर्सर बराच वेळ नुसता लुकलुकत राहिला. मग रेघ उमटली, ती आसिदेंचीच्या खाली.

‘‘विशेषण बरोबर आहे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘नाम बदल.’’

काय लिहू, असं मी विचारलं. त्यांनी स्वतःच टंकलं: क्रीमी. गुन्हा. आवाज चढलेला नव्हता, समजावून सांगण्याचा सूरही नव्हता. अनेकवचन दुरुस्त करावं तितक्याच सहज त्यांनी ते केलं आणि कुकरखालचा गॅस बंद करायला उठल्या. दोन मिनिटं पडद्यावर त्यांची रिकामी खुर्ची आणि माझं ते वाक्य एवढंच होतं. परत आल्या तेव्हा त्यांनी पुढचा धडा उघडला. मीही काही विचारलं नाही. बेलो ओरिझोंचीहून ब्रुमादिन्यो फार लांब नाही. त्यांचं तिथे कुणी होतं का, हे मला आजतागायत माहीत नाही, आणि तो प्रश्न विचारण्याइतकं माझं पोर्तुगीज कधीच पुरेसं चांगलं होणार नाही असं वाटतं.

त्या रात्री मी बांध फुटतानाची चित्रफीत पाहिली. खाणीच्याच कॅमेऱ्याने टिपलेली, ती जगभर दाखवली गेली आहे. २५ जानेवारी २०१९, शुक्रवार, दुपारचे १२ वाजून २८ मिनिटं. लोहखनिज धुऊन उरलेला गाळ अडवणारा बांध, हिरवा, पायऱ्यापायऱ्यांचा, स्वच्छ उन्हात. क्षणभर काहीच होत नाही. मग तो सगळा उतार एकदम सैल पडतो. भिंत कोसळते तसा तो कोसळत नाही. दुधावरची साय फाटावी तसा फाटतो आणि त्याच्या खालून तपकिरी काहीतरी धावत सुटतं. एक कोटी घनमीटरहून जास्त गाळ. खाणीचं कार्यालय आणि कामगारांचं जेवणघर बांधाच्या खालच्याच अंगाला होतं, आणि वेळ जेवणाची होती. धोक्याचे भोंगे वाजलेच नाहीत. खाणीचं नाव कोर्रेगु दु फेइजाऊं, म्हणजे घेवड्याचा ओढा. हे नाव वाचलं आणि बाईंच्या मागची ती सुरसुर पुन्हा कानात आली. मी लॅपटॉप मिटला, पण झोप काही आली नाही.

चित्रफितीतली ‘फीत’सुद्धा पोर्तुगीजच. हे मला शिकताना सारखं होत असे. चावी, बादली, साबण, पगार, पाव, परात, घमेलं, लिलाव, तुरुंग: घरातला शब्द उचलून पाहावा तर खाली पोर्तुगीज शिक्का. सुरुवातीला त्याची गंमत वाटायची. पुढे लक्षात आलं की ही सगळी नामं आहेत, हाताला लागणाऱ्या वस्तू आणि व्यवहार. शतकानुशतकांच्या शेजारात आपण त्यांच्याकडून बादली घेतली, घमेलं घेतलं, पण दुःखाचं एकही विशेषण घेतलेलं मला सापडलं नाही. ती आपल्याकडे भरपूर होतीच. भीषण, भयंकर, दारुण, करुण, हृदयद्रावक, मन सुन्न करणारी, अंगावर काटा आणणारी. मला ती जरा जास्तच पाठ होती.

कारण पोर्तुगीज शिकायच्या कितीतरी आधी मी एका वर्तमानपत्रात रात्रपाळीला उपसंपादक होते. बातमी यायची ती उघडी यायची: बस, ट्रक, वेळ, आकडा. तिच्यावर कपडे चढवायचं काम आमचं. कुठल्या आकड्याला कुठलं विशेषण हे कागदावर लिहिलेलं नव्हतं, पण सगळ्यांच्या हाताला सवय होती. एखादाच गेला तर ‘दुर्दैवी’. पाचाच्या पुढे ‘भीषण’. लहान मूल असेल तर ‘हृदयद्रावक’. एकाच घरातले तिघं-चौघं असतील तर ‘काळाचा घाला’. पानाची मुदत डोक्यावर असताना विचार करायला वेळ नसतो. हात आपसूक त्या त्या खणात जातो आणि शब्द काढून आणतो. मी वाईट काम करत होते असं आजही म्हणणार नाही. त्या शब्दांमागे खरी हळहळ असायची, निदान पहिली काही वर्षं तरी. पण हळहळ छापायला दिली की तिचा ठसा होतो, आणि ठसा प्रत्येक वेळी सारखाच उमटतो.

एकदा संध्याकाळी पाळी सुरू होत असताना एक गृहस्थ कार्यालयात आले. हातात आमच्याच अंकातलं कात्रण, चार घड्या घातलेलं. इमारतीच्या लिफ्टचं दार कित्येक महिने नीट लागत नव्हतं, तक्रारी झाल्या होत्या, आणि त्यांची मुलगी त्या दारातून खाली गेली होती. ‘तरुणीचा दुर्दैवी अंत’ हा मथळा मी दिला होता. ते चिडलेले असतील म्हणून मी आधीच खुर्ची पुढे केली. ते बसले नाहीत. कात्रण उलगडून टेबलावर ठेवलं, तळहाताने सपाट केलं आणि एका ओळीवर बोट ठेवून म्हणाले, ‘‘ताई, वय चुकलंय. तुम्ही २० छापलंय. १९ होतं. २० पूर्ण व्हायला दोन महिने होते अजून.’’ मी माफी मागितली. दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर चौकटीत दोन ओळींची दुरुस्ती आली. ‘दुर्दैवी’ मात्र तसंच राहिलं. त्याचीही दुरुस्ती करायची असते, हे ना त्यांनी म्हटलं ना माझ्या मनात आलं.

दहाव्या वाक्याखालची लाल रेघ पाहिल्यावर मला बाईंच्या आधी ते गृहस्थ आठवले.

दुर्दैवी. शब्द फोडून पाहिला तर त्यात दैव बसलेलं आहे. लिफ्टच्या दारात दैव कुठून आलं? दार दुरुस्त करायचं कुणाचं तरी काम होतं. पण ‘दुर्दैवी’ लिहिलं की त्या कुणाची जागा दैव घेतं, आणि दैवावर खटला भरता येत नाही. पोर्तुगीज विशेषणांच्या यादीकडे मी या नजरेने पाहू लागले तेव्हा तिथेही तेच निघालं. देझास्त्री, म्हणजे आपत्ती, या शब्दाच्या पोटात तारा आहे, आस्त्रु. वाईट ताऱ्याखाली घडलेलं ते देझास्त्री. आपण ग्रह फिरले म्हणतो तेच. फाताऊ, लिहिताना शेवटी ल आणि ब्राझीलच्या तोंडी ऊ, म्हणजे प्राणघातक; मूळ लॅटिनमध्ये नियतीने बोललेलं. सिनिस्त्रु म्हणजे अघोरी, अशुभ. मुळात डाव्या बाजूचं. गंमत म्हणजे विम्याच्या कागदांवर हाच शब्द नाम म्हणून येतो आणि गाडी ठोकली गेली तरी तिला सिनिस्त्रु म्हणतात. फुनेस्तु या शब्दात अंत्यविधी आहे. माझ्या वहीतल्या अर्ध्याअधिक विशेषणांनी बोट आकाशाकडे दाखवलेलं होतं. माणसाकडे बोट दाखवणारं एकही त्या पानावर नव्हतं.

लिस्बनचा भूकंप शिकलो तो याच सुमाराला. १ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांचा दिवस, सकाळचे साडेनऊ उलटून गेलेले. लोक चर्चमध्ये होते, वेदींवर मेणबत्त्या लागलेल्या होत्या. आधी जमीन हलली, मग समुद्र आत आला, आणि मेणबत्त्यांनी व चुलींनी पेटवलेली आग कित्येक दिवस विझली नाही. त्यानंतर विशेषणांचा पूर आला. गाब्रिएल मालाग्रिदा नावाच्या जेझुइट पाद्र्याने पुस्तिका काढून सांगितलं की हे सगळं लिस्बनच्या पापांमुळे झालं. आणि राजाचा मंत्री, जो पुढे पोंबालचा मार्क्विस म्हणून ओळखला गेला, त्याने देशभरच्या चर्चच्या पाद्र्यांना एक प्रश्नावली धाडली. धक्का किती वाजता बसला, किती वेळ टिकला? किती घरं पडली, किती माणसं मेली? समुद्र आधी चढला की ओसरला, किती वेळा? जमिनीला भेगा पडल्या का, त्यांतून काही बाहेर आलं का? आलेली उत्तरं लिस्बनच्या तोरे दु तोंबु या दफ्तरखान्यात आजही आहेत, आणि भूकंपाचा अभ्यास करणारे त्यांचा अजून उपयोग करतात. पोंबाल दयाळू माणूस नव्हता, त्याच्या क्रौर्याच्या हकिगती वेगळ्या आहेत. पण त्या प्रश्नांत मला जी माया दिसते ती मालाग्रिदाच्या कळकळीत दिसत नाही. ‘किती वेळ टिकला’ हे विचारणारा माणूस पुढच्या वेळेचा विचार करत असतो.

त्या भूकंपाने पोर्तुगालच्या बोलीत एक वाक्प्रचारही ठेवला आहे. कार्मु आणि त्रिंदाद हे लिस्बनमधले दोन मठ तेव्हा कोसळले. कार्मुच्या चर्चच्या कमानी आजही टेकडीवर तशाच उभ्या आहेत, वर छप्पर नाही, कमानींच्या मधून सरळ आभाळ दिसतं. ‘कार्मु आणि त्रिंदाद कोसळले’ असं पोर्तुगालमध्ये अजून म्हणतात, पण कशाला? कुणी जरा काही बोललं आणि घरात आकांत झाला, की. ऐकून मला आधी वाईट वाटलं. मग आपलं बोलणं आठवलं. भयंकर गोड, भयानक आवडलं. पोर्तुगीजमधलं फोर्मिदावेऊ हे विशेषण मुळात भीती वाटावी असं, आज त्याचा अर्थ झकास. ब्राझीलमध्ये एखाद्या मैफलीला बार्बारु म्हणाले तर ती फार रंगली असं समजायचं, आणि तोच शब्द कत्तलीलाही लागतो. भीतीचे शब्द फार दिवस भीतीचे राहत नाहीत. माणसं त्यांच्यावर हात फिरवून फिरवून त्यांच्या कडा घालवतात. यात दोष कुणाचा नाही. रोज त्या धारेवर बोट ठेवून जगता येणार नाही म्हणून असं होत असावं.

मग ज्या शब्दांच्या कडा शाबूत आहेत ते शोधायचा नादच लागला मला. ते मिळाले वृत्तपत्रांच्या मथळ्यांत नव्हे, तर ब्राझीलच्या नागरी संरक्षण खात्याच्या पत्रकांत. तिथे त्राझिकु नाही, भयंकर या अर्थाचं तेहीवेऊ नाही. तिथे क्रियापदांपासून घडवलेली विशेषणं ओळीने बसलेली असतात. सोतेहादु, म्हणजे मातीखाली गाडला गेलेला. लिहिताना त्यात जोड र, आणि बाईंच्या तोंडी त्याचा ह. देझापारेसिदु, बेपत्ता. आणि दोन शब्द जे मला महिनाभर एकच वाटत होते: देझालोझादु आणि देझाब्रिगादु. दोन्हींना मी वहीत ‘बेघर’ लिहून मोकळी झाले होते. बाईंनी एकदा तो अर्थ खोडला. पूर आला, घर सोडावं लागलं, पण जायला बहिणीचं घर आहे, मित्राची खोली आहे, तर तो देझालोझादु. घर सोडावं लागलं आणि जायला कुणीच नाही, सरकारी निवाऱ्यातच गादी टाकावी लागणार, तर तो देझाब्रिगादु. पत्रकात दोघांचे आकडे वेगळे देतात. २०२४ च्या मे महिन्यात हिऊ ग्रांजी दु सूल राज्य पाण्याखाली गेलं तेव्हा पहिला आकडा पाच लाखांच्या पुढे गेला होता आणि दुसरा हजारांत होता. मी रोज रात्री ते दोन आकडे बघायचे. किती माणसांना घर सोडून दुसऱ्या कुणाच्या दारी जावं लागलं ते पहिल्या आकड्यात होतं. त्या पाण्यात किती माणसांना दार वाजवायला एकही दार नव्हतं, ते दुसऱ्यात.

बेघर या शब्दात ही बहीण नाही, तो मित्रही नाही. आपल्याकडे ‘नातेवाइकांकडे आश्रय घेतला’ असं अख्खं वाक्य लिहावं लागतं, आणि पानात जागा नसली की आधी तेच कापलं जातं. मी कापलेलं आहे.

पण एका बाबतीत मराठी मला पोर्तुगीजपेक्षा धारदार वाटते, आणि हे मला परकी भाषा शिकताना उमगलं. आग लागली. आग लावली. धरण फुटलं. धरण फोडलं. भिंत पडली, भिंत पाडली. मेला, मारला. एखादा स्वर लांबतो, एखादं अक्षर बदलतं, आणि तेवढ्यात माणूस वाक्यात शिरतो किंवा वाक्यातून निघून जातो. पोर्तुगालमध्ये दर उन्हाळ्यात वणवे पेटतात, आणि बातम्यांत फोगु पोष्टु हे शब्द येतात. फोगु म्हणजे आग आणि पोष्टु म्हणजे ठेवलेली. मुद्दाम लावलेली आग. हा फरक सांगायला त्यांना वेगळं विशेषण जोडावं लागतं. आपल्या क्रियापदात तो आधीपासून आहे. बाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी ‘लागली, लावली’ दोनदा म्हणून पाहिलं. त्यांच्या तोंडी ते दोन्ही सारखेच येत होते. मग त्या म्हणाल्या, ‘‘आणि कुणी लावली नाही, पण विझवायची सोय करायला हवी होती ती केली नाही, तर? त्याला तुमच्यात काय म्हणतात?’’

मला उत्तर देता आलं नाही.

१७ जून २०१७ ला मध्य पोर्तुगालमधल्या पेद्रोगाऊं ग्रांदच्या परिसरात वणवा पेटला आणि ६६ माणसं गेली, त्यांतली बरीचशी २३६-१ क्रमांकाच्या रस्त्यावर, गाड्यांत किंवा गाड्या सोडून पळताना. झाडी रस्त्याच्या अगदी कडेपर्यंत आलेली होती. पुढे खटला चालला आणि २०२२ मध्ये अकराही आरोपी सुटले. आग लागली की लावली? ब्रुमादिन्योत धरण फुटलं की फोडलं? कुणी सुरुंग लावला नव्हता. पण बांधाच्या खाली जेवणघर कुणीतरी बांधलं होतं. फुटलं आणि फोडलं यांच्या मधोमध एक जागा आहे, आणि माणसं बहुतेक तिथेच मरतात. त्या जागेसाठी मराठीत ‘फुटू दिलं’ म्हणता येतं. हे मला फार उशिरा सुचलं, एका रात्री भांडी घासताना. फुटू दिलं. मी नळ बंद केला आणि ते तसंच मोठ्याने म्हणून पाहिलं. लिफ्टचं दार. पडू दिलं. इतकी वर्षं मथळे लिहिले, आणि हा साधा शब्द कधी हाताशी आला नव्हता.

पोर्तुगीजमध्ये ही जागा कायद्याने व्यापली आहे, तीही दोन विशेषणांनी. मनुष्यवध कुल्पोझु असतो किंवा दोलोझु. कुल्पा म्हणजे दोष, तेव्हा कुल्पोझु म्हणजे पक्का दोषी असणार असं मी समजून बसले होते, आणि दोलोझु ऐकताना ‘दोर’ म्हणजे वेदना कानात घुमायची. दोन्ही चूक. कुल्पोझु म्हणजे निष्काळजीपणाने झालेला, शिक्षा कमी. दोलोझु म्हणजे जाणूनबुजून केलेला, किंवा परिणाम समोर दिसत असताना तो पत्करून केलेला. २०२० मध्ये सरकारी वकिलांनी ब्रुमादिन्योबद्दल १६ जणांवर आरोप ठेवले ते दोलोझु मनुष्यवधाचे, आणि पुढे आणखी एक विशेषण, क्वालिफिकादु, म्हणजे गुन्हा अधिक गंभीर ठरवणारं. व्याकरणात गुणविशेषणाला आजेचीवु क्वालिफिकाचीवु म्हणतात. धातू तोच. पोर्तुगीजच्या दोन वर्षांत मी शंभरावर विशेषणं गोळा केली असतील. कुणीतरी रात्री जागून ज्यांच्यासाठी भांडतं अशी विशेषणं मला ही तीनच भेटली. त्राझिकुसाठी कुणाला भांडावं लागत नाही. ते दोन्ही बाजूंचे वकील वापरतात.

नामांवरूनही भांडण झालं तिथे. बांध फुटल्यावर काही आठवड्यांनी खाणीच्या कंपनीचे तेव्हाचे अध्यक्ष ब्राझीलच्या संसदेत म्हणाले की आमची कंपनी म्हणजे ब्राझीलची झोया आहे, एका घटनेवरून तिला दोषी धरू नका. झोया म्हणजे दागिना, रत्न. गेलेल्यांच्या घरच्या माणसांनी तो शब्द काढून घेतला. तेव्हापासून ते आपल्या माणसांना झोया म्हणतात. वर्षदिनाच्या फलकांवर, शर्टांवर, शोध घेणाऱ्या अग्निशमन दलाशी बोलताना, सगळीकडे. बळी नाही, मृत नाही, झोया. वीचिमा, म्हणजे बळी, हा शब्द पोर्तुगीजमध्ये कायम स्त्रीलिंगी असतो, आपल्या ‘व्यक्ती’सारखा, दाढीवाला खाणकामगार असला तरी ‘ती’. झोयाही स्त्रीलिंगीच. व्याकरण न मोडता त्यांनी एक नाम बाहेर काढलं आणि दुसरं आत बसवलं. बाईंनी माझ्या वाक्यात जे केलं ते त्यांनी तिथे भर चौकात केलं होतं.

मिनासमध्येच, ५ नोव्हेंबर २०१५ ला, फुंदाऊं नावाचा दुसरा बांध फुटला होता. बेंतु होद्रिगेस हे गाव गाळाखाली गेलं, १९ माणसं मेली, आणि गाळ रिओ दोसी नदीतून वाहत थेट अटलांटिकला जाऊन मिळाला. दोसी म्हणजे गोड. त्या नदीच्या नावातच विशेषण आहे आणि ते कुणी बदललेलं नाही. नकाशावर तिच्या काठाने बोट फिरवताना मला ते विशेषण वाचवत नव्हतं. ‘गोड’च्या जागी काय लिहावं, असं मनात आलंही. पण तिथे राहणाऱ्यांनी ते नाव टाकलेलं नाही, तेव्हा मीही हात आवरला. नदी गोड होती, हे त्या नावाइतकं ठामपणे दुसरं कोण सांगणार आहे?

लुतु हा शब्द मी शेवटी शिकले, तो आमच्या यादीत नव्हता. लुतु म्हणजे सुतक, शोक. आणि लुतार या क्रियापदाचं ‘मी’चं रूपही लुतुच: मी लढते. लुता म्हणजे लढा. ‘लुतुपासून लुताकडे’ असं शोकाकुल घरांतली माणसं ब्राझीलमध्ये म्हणतात. ऐकल्यावर मी बाईंना म्हटलं, की मरणं आणि मारणं यांत जसा एका कान्याचा फरक, तसाच हा एका स्वराचा. त्या हसल्या नाहीत, पण त्यांनी ते आपल्या वहीत टिपून घेतलं. मला शिकवणाऱ्या माणसाने माझ्या भाषेतलं काही लिहून घेतलं, ही एवढीच वेळ.

त्या दहाव्या वाक्याकडे मी बऱ्याच दिवसांनी परत गेले. कुणी सांगितलं नव्हतं. नाम बदलून ‘त्राझिकु क्रीमी’ लिहिलं तर ते वाचवेना. गुन्ह्याला शोकाचं विशेषण लावलं की गुन्हाही थोडा नशिबाचा वाटू लागतो. मग विशेषण काढलं. मग ‘सारा देश हेलावला’ काढलं, कारण वाक्य देशाबद्दल नव्हतं. शेवटी जे उरलं ते पोंबालच्या एखाद्या प्रश्नाचं उत्तर असावं तसं होतं. ‘२५ जानेवारी २०१९ रोजी दुपारी १२ वाजून २८ मिनिटांनी, जेवणाच्या वेळी, बांध फुटू दिला गेला. भोंगे वाजले नाहीत. २७० माणसं गाळाखाली सोतेहादु झाली. काहीजण अजून देझापारेसिदु आहेत.’ ‘फुटू दिला गेला’ पोर्तुगीजमध्ये बसवायला मला तीन रात्री लागल्या आणि तरी ते ओबडधोबडच राहिलं. फाइल पाठवली.

पुढच्या तासाला बाईंनी ती उघडली. मागे सुरसुर चालू होती. त्यांनी सगळं एकदा मनात वाचलं, ओठ हलत होते. माझं ते ओबडधोबड क्रियापद त्यांनी तसंच ठेवलं. मग कर्सर आकड्यापाशी गेला आणि लाल रेघ २७० च्या खाली आली. मी घाबरून म्हटलं, प्रोफेसोरा, आकडा मी सरकारी कागदावरूनच घेतला आहे, दोनदा पडताळला आहे. त्या म्हणाल्या, ‘‘हो. सरकारी बरोबर आहे. घरचे २७२ म्हणतात. दोघी गरोदर होत्या.’’

मी शून्य खोडलं आणि तिथे २ लिहिला.